वर्तुळाकार आरएनए आणि तळपायाची गाठ

सांगली-मिरजेच्या डॉक्टर मंडळींत सध्या एक वाद चालू आहे. निमित्त तसं लहान आहे. एका विद्यार्थिनीने पीएच.डी.साठी त्वचेच्या कॅन्सरच्या वाढीत वर्तुळाकार आरएनए काय करतात हा विषय निवडला आणि त्यावरून दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं असं की जत-आटपाडीच्या माणसाला पायावरच्या गाठीचा साधा तुकडा तपासून घ्यायला मजुरी बुडवून मिरज गाठावी लागते, तिथे रेणूंवर पैसा घालवणं ही चैन आहे. दुसरा तट म्हणतो की जग कुठल्या कुठे गेलं, उद्या रक्ताच्या थेंबावरून कॅन्सर कळणार आहे, आणि आपण अजून काचपट्टीवर डोळे फोडत बसलो आहोत. मी मिरजेत विकृतिशास्त्राचं, म्हणजे लोकांच्या भाषेत तुकडे तपासण्याचं, काम करते. दोन्ही तटांत माझे स्नेही आहेत. तरी स्पष्टच सांगते, हा वाद चुकीच्या ठिकाणी लढला जातोय. हे संशोधन इथे, याच भागात व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. पण ते इथल्याच रुग्णांच्या त्वचेवर व्हायला हवं. आणि तसं झालं, तर ज्या गरीब रुग्णाचं नाव पुढे करून त्याला विरोध होतोय, त्याच रुग्णाचं निदान त्यामुळे लवकर होईल.

आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी अनेकांनी तेवढीही तसदी घेतलेली नाही. पेशीच्या केंद्रकात डीएनएवरून आरएनएची प्रत निघते. त्या प्रतीतले नको असलेले भाग कापून टाकले जातात, उरलेले तुकडे क्रमाने जोडले जातात आणि त्या सरळ धाग्यावरून प्रथिन तयार होतं. काही वेळा मात्र जोडणी उलटी होते. पुढच्या तुकड्याचं शेपूट मागच्या तुकड्याच्या डोक्याला येऊन चिकटतं आणि धागा वर्तुळात बंद होतो. आरएनए खाऊन टाकणारी पेशीतली बरीचशी एन्झाइमं टोकापासून खायला सुरुवात करतात. दाव्याचं टोक सुटलं की पीळ उलगडत जातो, पण चुंबळीला टोकच नसतं. म्हणून सरळ धाग्याचा आरएनए बहुधा काही तासांत संपतो, तर यातली अनेक वर्तुळं ४८ तासांहून जास्त टिकतात.

१९७६ मध्ये वनस्पतींना रोग करणाऱ्या व्हायरॉइडमध्ये असा बंद आरएनए असल्याचं सिद्ध झालं. १९७९ मध्ये तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली प्राण्यांच्या पेशींत दिसला. १९९१ मध्ये आतड्याच्या कॅन्सरशी संबंधित एका जनुकाचा अभ्यास करताना उलट्या क्रमाने जोडलेले तुकडे सापडले. एवढं होऊनही पुढची वीसेक वर्षं बहुतेकांचं मत एकच होतं: ही पेशीच्या हातून झालेली चूक आहे, कातरकामात उरलेला कचरा आहे. पेशीतला सगळा आरएनए वाचून काढणारं तंत्र हाताशी आलं तेव्हा, २०१२-१३ च्या सुमारास, लक्षात आलं की असे रेणू हजारोंनी आहेत. त्यातल्या सीडीआर-१-एएस नावाच्या एका वर्तुळावर तर मिर-७ या, जनुकांना आवर घालणाऱ्या, सूक्ष्म आरएनएला धरून ठेवणाऱ्या सत्तरच्या आसपास जागा निघाल्या. या सूक्ष्म आरएनएंचीही कथा तशीच आहे. त्यातला पहिला १९९३ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत सापडला, आणि कितीतरी वर्षं तो त्या कृमीपुरता चमत्कार मानला गेला. त्याच शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. तेव्हाच्या एखाद्या तरुण संशोधकाने हा विषय घेऊन आपल्याकडे पैसे मागितले असते, तर आपण त्याला काय उत्तर दिलं असतं?

आता त्वचेकडे येऊ. मेलॅनोमा हा रंगपेशींचा कॅन्सर. या रंगपेशी गर्भात न्यूरल क्रेस्ट नावाच्या पट्ट्यातून निघतात, ज्यातून आपल्या अनेक मज्जापेशीही जन्माला येतात. सीडीआर-१-एएस मेंदूत मुबलक असतो आणि तोच या रंगपेशींच्या कॅन्सरमध्ये महत्त्वाचा निघावा, हे मला आजही विलक्षण वाटतं. २०२० मध्ये न्यूयॉर्कमधल्या एव्हा हर्नांडो यांच्या गटाने दाखवलं की मेलॅनोमा जसजसा पुढच्या अवस्थेत जातो तसतसं हे वर्तुळ पेशींतून नाहीसं होत जातं. त्याचं जनुक मोडलेलं नसतं, तर त्या भागावर रासायनिक खुणा बसून ते गप्प केलेलं असतं. वर्तुळ नाहीसं झालं की आयजीएफ-२-बीपी-३ हे प्रथिन मोकळं सुटतं आणि कॅन्सरपेशींना आजूबाजूच्या ऊतीत घुसायला, दूरवर पसरायला मदत करतं. यात मिर-७ चा संबंधच नव्हता. म्हणजे ज्या कामासाठी हा रेणू प्रसिद्ध होता त्याहून वेगळंच काम तो इथे करत होता. त्वचेचे दुसरे दोन मोठे कॅन्सर म्हणजे स्क्वेमस सेल आणि बेसल सेल. त्यांतही निरोगी त्वचेच्या तुलनेत अनेक वर्तुळाकार आरएनए कमी-जास्त झालेले दिसले आहेत. पण कमी-जास्त दिसणं आणि कारण असणं यांत किती अंतर असतं, ते पुढे सांगते.

विरोधकांचा पहिला मुद्दा सरळ मान्य करायला हवा. वर्तुळाकार आरएनए मोजून आज कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात निर्णय घेतला जात नाही, आणि त्यावर बेतलेलं त्वचेच्या कॅन्सरचं औषधही नाही. याउलट १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो या विकृतितज्ज्ञाने मायक्रोस्कोपमध्ये मोजपट्टी बसवून मेलॅनोमाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजली आणि जाडी जितकी जास्त तितका धोका जास्त हे दाखवून दिलं. अर्धशतक लोटलं, तरी आम्ही अहवालात पहिल्यांदा तोच आकडा लिहितो. त्याला ना आरएनए लागतो ना कोटींचं यंत्र. मग जिथे हा आकडासुद्धा सगळ्या रुग्णांना मिळत नाही, तिथे पुढच्या गोष्टी कशाला, असं कुणी विचारलं तर त्याला मी मूर्ख म्हणणार नाही.

पण याच मोजपट्टीची मर्यादा ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात उघडी पडली. तिथली मेलॅनोमाची नोंद जगातल्या सर्वांत काटेकोर नोंदींपैकी एक आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं की चार मिलिमीटरहून जाड गाठींपेक्षा एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ गाठींमुळे जास्त माणसं दगावतात. पातळ गाठींचे रुग्ण संख्येने कितीतरी जास्त असतात म्हणून हे घडतं. एकेका रुग्णाचा धोका अर्थात पातळ गाठीत कमीच असतो. तरीही प्रश्न उरतोच की या पातळ गाठींतली कुठली पसरणार आणि कुठली नाही. मोजपट्टी गाठ किती खोल गेली ते सांगते. ती का जाते, हे पेशीच्या आतच शोधावं लागतं.

आणि उपयोग कधी होणार, या प्रश्नाचं मेलॅनोमानेच दिलेलं एक उत्तर आहे. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या काही शास्त्रज्ञांना उंदराच्या टी-पेशींत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींत, सीटीएलए-४ नावाचं जनुक सापडलं. ते करतं काय, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे कळलं की ते प्रतिकारशक्तीला आवर घालतं. जेम्स अ‍ॅलिसन यांनी तो आवर काढून कॅन्सरशी लढता येईल असं उंदरांत दाखवलं, आणि २०११ मध्ये इपिलिमुमॅब हे औषध पसरलेल्या मेलॅनोमासाठी मंजूर झालं. त्याआधी या अवस्थेतल्या रुग्णाचं आयुष्य वाढवू शकेल असं एकही औषध नव्हतं. १९८७ ते २०११ म्हणजे चोवीस वर्षं. त्या चोवीस वर्षांत कुठल्या वर्षी हे काम चैन होतं आणि कुठल्या वर्षापासून गरजेचं झालं?

इथे सुज्ञ विरोधक म्हणेल, ठीक आहे, पण ते काम श्रीमंत देशांना करू द्या. औषध निघालं की आपण घेऊ. या युक्तिवादाला उत्तर द्यायचं तर आपल्या भागात त्वचेचा कॅन्सर दिसतो कसा, ते पाहायला हवं.

आपल्याकडे तो कमी आहे, हे खरंच आहे. भारतातल्या एकूण कॅन्सरमध्ये त्याचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपास धरला जातो, आणि त्यामागे कातडीतल्या मेलॅनिनचं संरक्षण हे खरं कारण आहे. हे केवळ नोंदी अपुऱ्या असल्यामुळे वाटतं, असं मी म्हणणार नाही. पण जो होतो तो वेगळ्या जागी आणि वेगळ्या वाटेने होतो. गोऱ्या लोकांत मेलॅनोमा बहुतेक करून उन्हाने भाजलेल्या कातडीवर येतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळपायावर, टाचेवर, नखाखाली येतो, जिथे ऊन पोचतही नाही. घरचे त्याला भोवरी समजतात. कुणी पात्याने कापतं, कुणी चुना लावतं, कुणी महिनोन् महिने मलम चोळतं. माणूस तपासायला येतो तेव्हा जांघेत गाठी आलेल्या असतात. या तळपायाच्या मेलॅनोमाचा रेणवीय स्वभावही निराळा आहे. गोऱ्यांच्या त्वचेवरच्या मेलॅनोमात जवळपास निम्म्या रुग्णांत बीआरएएफ जनुकातला बदल सापडतो, तळपायाच्या मेलॅनोमात तो बराच कमी आढळतो. किट जनुकातले बदल आणि गुणसूत्रांची मोठी उलथापालथ इथे जास्त असते, आणि नव्या प्रतिकारशक्तीच्या औषधांना हा प्रकार सहसा कमी दाद देतो. मेलॅनोमाच्या ज्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात त्या प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या रुग्णांकडून आलेल्या आहेत. त्यांच्यावर निघालेला निष्कर्ष खटावच्या शेतकऱ्याच्या टाचेला लागू पडेल असं गृहीत कोणी धरायचं, आणि कशाच्या आधारावर?

दुसरा प्रकार भाजल्याच्या जुन्या व्रणातला. चुलवाणाजवळ, उकळत्या काहिलीच्या कडेला, स्टोव्हच्या भडक्याने भाजलेली माणसं आपल्या गावांत कमी नाहीत. वर्षानुवर्षांनी त्या आखडलेल्या कातडीला चीर पडते, जखम होते, भरत नाही. भाजल्यापासून कॅन्सर होईपर्यंत सरासरी तीस वर्षं जातात, त्यामुळे दोन्हींचा संबंध रुग्णाच्या मनातही येत नाही. मार्जोलिन या फ्रेंच शल्यचिकित्सकाने अशा व्रणांचं वर्णन १८२८ मध्ये केलं म्हणून त्याला त्याचं नाव आहे. या व्रणातला स्क्वेमस सेल कॅन्सर उन्हाने झालेल्या स्क्वेमस सेल कॅन्सरपेक्षा जास्त आक्रमक असतो आणि लसिकाग्रंथींत लवकर पसरतो. असं का होतं? तीस वर्षं धुमसणाऱ्या दाहात पेशींचं नेमकं काय बिनसतं? वर्तुळाकार आरएनए पेशींत टिकून साचत राहतात, म्हणून अशा दीर्घ बदलांचा माग काढायला ते उपयोगी पडू शकतील, ही मला पटणारी शक्यता आहे. पण ती तपासायची तर भाजलेल्या व्रणाच्या कॅन्सरचे नमुने हवेत, आणि ते स्टॉकहोमपेक्षा सांगलीत जास्त सहज मिळतील. याखेरीज आपल्या सीमाभागात मामा-भाचीची आणि मामेबहिणीशी लग्नं होत आली आहेत. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलं तरच होणारा झेरोडर्मा पिगमेंटोसम हा आजार अशा नात्यांतल्या मुलांत जास्त दिसतो. त्यात उन्हाने झालेली डीएनएची मोडतोड पेशीला नीट दुरुस्त करता येत नाही आणि लहान वयातच चेहऱ्यावर कॅन्सर उगवतात.

आपल्या कातडीकडे आपणच पाहायचं असतं, हे महाराष्ट्राला नवीन नाही. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. धोतराची गाठ जिथे वर्षानुवर्षं करकचून बसते त्या कमरेच्या कातडीवर कॅन्सर होतो, हे त्यांनी आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये जगापुढे मांडलं. पुढे साडीच्या गाठीखालीही तोच प्रकार आढळला. लंडन-पॅरिसच्या पाठ्यपुस्तकात हा कॅन्सर कुठून असणार? तिथे धोतर नेसणारा माणूसच नव्हता. तोही काळ काही सुबत्तेचा नव्हता. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली होती, देशावर परक्यांचं राज्य होतं, गावोगाव देवी आणि पटकी होती. अशा वेळी कमरेच्या व्रणांची वर्गवारी करणं ही चैन आहे, असं खानोलकरांना कुणीही म्हणू शकलं असतं. त्यांनी ते काम केलं म्हणून आज आम्ही कमरेवरच्या न भरणाऱ्या चट्ट्याकडे दुर्लक्ष करत नाही.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा, आणि याबाबतीत मी त्यांच्याहून कडक आहे. वर्तुळाकार आणि सूक्ष्म आरएनएंच्या नावावर गेल्या दशकात प्रचंड भुसा छापला गेला. परदेशी संकेतस्थळावरून तयार माहिती उतरवायची, संगणकाला दहा नावं विचारायची, हे वर्तुळ त्या सूक्ष्म आरएनएला शोषतं आणि मग ते जनुक वाढतं अशी साखळी रंगवायची आणि शोधनिबंध पाठवून द्यायचा. पैसे घेऊन शोधनिबंध तयार करून देणारे कारखाने निघाले, आणि त्यांचं हे आवडतं क्षेत्र ठरलं. २०२३ या एका वर्षात एकाच प्रकाशन समूहाला आठ हजारांवर शोधनिबंध मागे घ्यावे लागले, त्यात अनेक शाखांचे लेख होते. बढतीसाठी शोधनिबंधांची संख्या मोजणारी आपली व्यवस्था अशा मालाला गिऱ्हाईक पुरवते. एकाही रुग्णाला हात न लावता, एकही काप न पाहता केलेल्या अशा कामाला संशोधन म्हणत असाल, तर ते बंद व्हावं या मताची मीही आहे.

पण या भुशातून धान्य कसं निवडलं गेलं, तेही पाहायला हवं. सीडीआर-१-एएस आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढतो आणि मिर-७ ला शोषून कॅन्सर वाढवतो, असे निबंध एकामागून एक निघत होते. सगळ्यांची पद्धत एकच होती: गाठ दळायची, तिचा सगळा आरएनए एकत्र काढायचा आणि मोजायचा. २०२० मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी गाठ दळली नाही. त्यांनी ऊतीचे पातळ काप घेतले, हा रेणू नेमका कुठल्या पेशीत बसला आहे ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांना कॅन्सरपेशींत तो जवळपास सापडलाच नाही. तो होता भोवतालच्या आधारपेशींत. ज्या गाठीत आधारपेशी जास्त, तिथे आकडा जास्त यायचा, एवढंच. असाच दुसरा खड्डा म्हणजे पेशी भराभर दुभंगतात तेव्हा साचलेली वर्तुळं वाटली जाऊन विरळ होतात. आतड्याच्या कॅन्सरमध्ये हे २०१५ मध्येच दिसलं होतं. म्हणजे गाठीत वर्तुळ कमी आढळलं, तर ते वाढीचं कारण असेल किंवा वाढीचा निव्वळ परिणाम असेल. या दोन्ही चुका संगणकाने सुधारल्या नाहीत. काप, काचपट्टी आणि ती वाचणारा माणूस यांनी सुधारल्या. त्वचेच्या बाबतीत तर हे आणखी महत्त्वाचं, कारण कातडीच्या एका तुकड्यात वरचा थर, केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या आणि दाहाच्या पेशी असं सगळं एकत्र येतं. ते दळून काय कळणार?

म्हणून माझा सगळा भर त्या तुकड्यावर आहे. हा तुकडा आपल्याकडे वाटेत कुठे हरवतो ते मी रोज पाहते. पहिल्यांदा तो काढलाच जात नाही, कारण तुकडा काढला की कॅन्सर पसरतो ही समजूत घट्ट बसली आहे. ती निराधार आहे. तुकडा न काढता घालवलेल्या महिन्यांत कॅन्सर पसरतो, आणि नंतर दोष तुकड्याला मिळतो. काढला तर अनेकदा, साधी भोवरी होती, असं म्हणून टाकून दिला जातो. पाठवलाच तर तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मलिनऐवजी सलाइनमध्ये येतो आणि एस.टी.त, उन्हात, नातेवाइकाच्या पिशवीत सडून पोचतो. फॉर्मलिन असलं तरी इंजेक्शनच्या चिमुकल्या बाटलीत कोंबलेला असतो, खरं तर फॉर्मलिन तुकड्याच्या निदान दहा पट हवं. सोबतच्या चिठ्ठीवर रुग्णाचं नाव आणि 'त्वचेची गाठ' एवढे दोन शब्द. वय नाही, गाव नाही, जागा नाही, तिथे कधी भाजलं होतं का याचा पत्ता नाही. अहवाल गेल्यावर रुग्णाचं पुढे काय झालं ते मला कधीच कळत नाही. तो बरा झाला, पुण्या-मुंबईला गेला, की घरीच गेला?

आरएनएचं संशोधन नीट करायचं म्हटलं की नेमक्या याच गोष्टी दुरुस्त कराव्या लागतात. आरएनए नाजूक असतो, तुकडा लगेच योग्य द्रवात गेला नाही तर हाती काही लागत नाही. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी कुणाला तरी तो नीट काढायला, दोन डब्यांत ठेवायला, नीट नोंदवायला शिकवावं लागतं. एका डबीत निदानासाठी फॉर्मलिन, दुसरीत आरएनए टिकवणारं द्रावण. पहिल्या डबीतून रुग्णाला निदान मिळतं, ब्रेस्लोचा आकडा मिळतो. दुसऱ्या डबीतून प्रश्नाला आकार येतो. पाच वर्षांनी त्या रुग्णाचं काय झालं हे ठाऊक नसेल तर त्याच्या वर्तुळाकार आरएनएचा आकडा निरर्थक ठरतो, म्हणून त्याचा पाठपुरावा करावाच लागतो. ज्या व्यवस्थेसाठी आम्ही वर्षानुवर्षं नुसते हात जोडत आलो, ती संशोधनाच्या अटीमुळे उभी राहू शकते. शिवाय वर्तुळाकार आरएनए चिवट असल्याने फॉर्मलिनमधून मेणात बसवलेल्या जुन्या ब्लॉकमध्येही ते मोजता येतात, असं परदेशात दिसून आलं आहे. कऱ्हाड, सांगली, मिरज इथल्या विकृतिशास्त्र विभागांच्या कपाटांत असे किती ब्लॉक पडून असतील, याचा विचार संशोधनाचा कैवार घेणाऱ्यांनी तरी केला आहे का?

शेजारच्या सोलापूर जिल्ह्याने हे थोडंफार करून दाखवलं आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. रुग्ण आपणहून येत नाहीत हे ओळखून तिथले कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणं सांगितली, संशयितांना रुग्णालयात आणलं. नोंदणी हे संशोधनाचं काम होतं, आणि त्याच कामामुळे माणसं लवकर दवाखान्यात येऊ लागली.

आणि साताऱ्याने तर आपल्याला हे शंभर वर्षांपूर्वी शिकवायला हवं होतं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापली तेव्हा बहुजनांच्या मुलांनी आधी पोट भरावं आणि शिक्षण मागून पाहावं, असा हिशोब सहज मांडता आला असता. त्यांनी पोट आणि पाटी यांना एकामागे एक रांगेत उभं केलं नाही. कमवा आणि शिका म्हणत मुलांच्या श्रमातूनच त्यांचं शिक्षण उभं केलं, आणि १९४७ मध्ये साताऱ्यात कॉलेजही काढलं. आधी शाळा पूर्ण होऊ द्या, मग कॉलेजचं बघू, असं ते म्हणाले नाहीत. आज आधी बायोप्सी, मग रेणू, अशी रांग लावणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे की या रांगेत रेणूंची पाळी कधी येणार? शंभर टक्के रुग्णांची बायोप्सी वेळेवर होतेय असा दिवस उजाडेपर्यंत आपल्या मुलामुलींनी दुसऱ्यांच्या माहितीवर निबंध लिहीत बसायचं का?

उत्साही तटालाही दोन शब्द. रक्ताच्या थेंबावरून त्वचेचा कॅन्सर ओळखण्याचं स्वप्न त्यांनी लोकांना विकू नये. गाठीतून सुटलेली वर्तुळं रक्तात टिकून राहतात आणि त्यातून उद्या पुनरुद्भवाची चाहूल घेता येईल, ही शक्यता खरी आहे आणि तिच्यावर काम व्हावं. पण त्वचेचा कॅन्सर शरीराच्या बाहेरच्या बाजूला असतो. तो पाहायला मोजे काढावे लागतात, पाय उचलून तळवा बघावा लागतो. आशाताईंना आणि आरोग्यसेवकांना तळपायावरचा काळा, पसरणारा, रक्त येणारा डाग आणि भोवरी यांतला फरक दाखवायला छायाचित्रं आणि एक दुपार पुरते. ते झाल्याशिवाय रक्तचाचणीच्या गप्पा लोकांची दिशाभूल करतात, आणि खऱ्या संशोधनाचीही पत घालवतात.

पैशाचा प्रश्न राहतो. सगळं यंत्र इथे आणून ठेवायला मी सांगत नाही. आरएनएचं वाचन पुण्या-मुंबईतल्या संस्थांत करून घेता येतं. इथे लागतील डब्या, द्रावण, वीज गेली तरी चालणारा उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीझर, एक नोंदवही सांभाळणारा माणूस आणि तालुक्यातून दोन दिवसांत नमुना आणण्याची सोय. एवढा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या आवाक्यातला आहे. उपचारांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, पण तिचं दार निदान झाल्यावर उघडतं. पीएच.डी. देणाऱ्यांनी एक अट घालावी: संगणकावर सापडलेलं प्रत्येक वर्तुळ निदान काही स्थानिक रुग्णांच्या कापांवर, कुठल्या पेशीत आहे ते पाहून, पडताळलेलं असावं. त्वचारोगतज्ज्ञ, सर्जन, विकृतितज्ज्ञ आणि जीवशास्त्राचे शिक्षक एका टेबलाशी बसले तर ही अट जड नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो वादात कुणी काढलेलाच नाही: ज्याचा तुकडा, त्याला यातून काय मिळणार आणि त्याला कुणी विचारलं का? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं नमुने साठवण्यासाठी रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती मागतात. इंग्रजी कागदावर अंगठा घेऊन ती मिळत नाही. दुसरी डबी कशासाठी आहे, ती कुठे जाणार, त्यातून त्याला स्वतःला कदाचित काहीच मिळणार नाही, हे त्याच्या बोलीत, घाई न करता सांगायला हवं. तो नाही म्हणाला तर पहिली डबी तितक्याच तत्परतेने तपासली जायला हवी. त्याने पुढे संमती मागे घेतली तर दुसऱ्या डबीतला नमुना नष्ट व्हायला हवा, आणि त्याच्या उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये. हे नियम पहिला नमुना घेण्याआधी मराठीत छापून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात लावावेत.